पागेतल्या परमिट रूमची मोजमापं

मी लिहायला बसलोय याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहायचं म्हणजे लग्नपत्रिकेवर पाहुण्यांची नावं घालायची, एवढंच. तेही गावातल्या गुरुजींना बोलावून. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास, आणि घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. त्यामुळे कुठली गोष्ट लिहिण्यासारखी असते आणि कुठली नसते, हे मला अजून नीट कळत नाही. ज्यांना कळतं त्यांनी हे वाचून हसू नये, किंवा हसावं, पण मला सांगू नये.

झालं असं की आमच्या सरांनी परिसरातल्या जुन्या वास्तूंचा प्रकल्प दिला. वर्गात भांडणं नकोत म्हणून त्यांनी चिठ्ठ्या केल्या आणि एका स्टीलच्या डब्यात टाकल्या. माझ्या शेजारच्याला तालीम आली. पुढच्या बाकावरच्या मुलीला दगडी विहीर आली. मला परमिट रूम आली.

मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि हात वर केला. सर म्हणाले, ‘‘संस्थानकाळातली पागा आहे ती. घोडी बांधायची. नंतर तिथं बार झाला. तू वास्तू बघायची, धंदा नाही.’’ वर्ग हसला. मी चिठ्ठी बदलून मागणार होतो, पण माझा हात आपोआप खाली आला. माझा हात नेहमी असाच खाली येतो.

अडचण माझ्या वडिलांची होती. आमचं गाव गारगोटीच्या पुढं. गेल्या वर्षी मी कोल्हापूरला निघालो तेव्हा वडील एसटी स्टँडवर पोचवायला आले होते. गाडी लागली तसे ते सगळ्या गावासमोर म्हणाले, ‘‘शिकायला जातोयस, शिक. पण बारात दिसलास असं माझ्या कानावर आलं, की त्या दिवशी कॉलेज बंद. म्हशी हाईत, वैरण हाय, तू हाईस.’’

दुसऱ्या कुणाचे वडील असं म्हणाले असते तर मी एवढा घाबरलो नसतो. पण माझे वडील बोलतात ते पाळतात. मी लहान असताना ते एकदा चुलत्यांवर रागावून म्हणाले होते, ‘‘तुझ्या घरचा चहा पुन्हा पिणार न्हाय.’’ भांडण आठवड्यात मिटलं, पण शब्द तसाच राहिला. आजही दिवाळीला ते चुलत्यांकडे जातात, चांगले दोन तास बसतात, आणि चहाची वेळ झाली की पिशवीतून आपला थर्मास काढतात. चुलती कप देते. कपाबद्दल ते काही बोलले नव्हते.

असा माणूस. आणि मला बारात जायचं होतं.

दोन दिवस मी संध्याकाळी जाऊन समोरच्या पंक्चरच्या दुकानाजवळ उभा राहिलो. तिथून जाड दगडी भिंत, कमान आणि कमानीवरचा रंगवलेला बोर्ड एवढंच दिसायचं. ‘परमिट रूम व गार्डन. फॅमिलीची सोय आहे.’ तिसऱ्या दिवशी मी तोंडाला रुमाल बांधला, वही छातीशी धरली आणि आत गेलो. रुमालामुळे मी जास्तच संशयास्पद दिसत होतो, हे मला नंतर लोकांनी सांगितलं.

आत मोठं अंगण होतं. मधोमध चिंचेचं झाड, त्याच्या फांद्यांना ताडपत्री बांधलेली, खाली लोखंडी टेबलं आणि खुर्च्या. पाऊस बारीक येत-जात होता. श्रावण चालू होता, त्यामुळे बार ओस पडलेला असेल, भिंती मोजून पाच मिनिटांत बाहेर पडता येईल, असा माझा हिशेब होता. पण एकही खुर्ची रिकामी नव्हती. पंधरा-वीस माणसं बसलेली, सगळ्यांपुढे ग्लास, ताटलीत शेंगदाणे आणि अळूवडी. ग्लासात दूध होतं.

वेटर तिथं तीस वर्षं काम करणारा जुना माणूस होता. तो माझ्याजवळ आला.

‘‘काय घेणार?’’

‘‘भिंत बघायची होती,’’ मी रुमालातून म्हणालो.

‘‘बघा की. पण बसून बघा. बसल्याव बी भिंत दिसती.’’

त्यानं कोपऱ्यातल्या टेबलाशी एक स्टूल ठेवलं. त्या टेबलावर तिघे होते: एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, गुळाचे एक व्यापारी आणि एक वकील. कंडक्टरांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत बघितलं.

‘‘पावणं, रुमाल काढा. दुधाला कोण तोंड लपवून येत न्हाय.’’

मी रुमाल काढला आणि विचारलं, बारमध्ये दूध कसं काय?

‘‘श्रावण न्हाय का? आम्ही कोण पीत न्हाय महिनाभर.’’

‘‘मग घरी का बसत नाही?’’

तिघांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी शाळेत गुरुजींना फळा का पुसायचा असं विचारलंय. मग गुळाच्या व्यापाऱ्यांनी हळू आवाजात समजावलं. इथं प्रत्येकाची खुर्ची ठरलेली आहे. काहींच्या खुर्च्या वडिलांपासून चालत आल्यात. खुर्ची महिनाभर मोकळी सोडली तर जाते. त्यांनी बोट दाखवलं. हात धुवायच्या बेसिनला खेटून एक गृहस्थ एकटेच बसले होते. ते आठ दिवस मुलीकडे पुण्याला गेले होते. परत आले तर खुर्चीवर दुसरा. तेव्हापासून त्यांच्या अंगावर लोकांच्या चुळांचं पाणी उडतं.

‘‘म्हणून श्रावणात बी यायचं,’’ कंडक्टर म्हणाले. ‘‘आन् आलोय तर काय तरी घ्यायला नको?’’

दूध वेटर मापानं देत होता. बारमधल्या छोट्या मापानं मोजून, ग्लासात ओतून, ‘‘सोडा?’’ असं सवयीनं विचारून. मग स्वतःच ‘‘न्हाय न्हाय’’ म्हणून सोड्याची बाटली परत नेत होता. लोक ग्लासाला ग्लास लावत होते. स्वयंपाकीही नेहमीचाच. या जागेचा पांढरा रस्सा साऱ्या पेठेत नावाजलेला. श्रावणात तो मटणाशिवाय, काजू-खसखस आणि नारळाच्या दुधात करतो. त्यावरून रोज वाद होतो.

‘‘ह्याला रस्सा म्हणत न्हाईत,’’ कंडक्टर वाटी ओरपत म्हणाले. ‘‘ही खीर हाय तिखट.’’

‘‘मग तिसरी वाटी कशाला मागवलासा?’’ वेटर म्हणाला.

‘‘खात्री करून घ्याय नको व्हय?’’

मलाही वाटी आली. मी नको म्हणालो, पण कोल्हापुरात नको हा शब्द पहिल्या तीन वेळा ऐकू येत नाही. रस्सा गरम होता आणि इतका चांगला होता की वडिलांची आठवण आली. मी घाईनं वही उघडली आणि भिंत मोजायला उठलो.

भिंतीची जाडी पावणेतीन फूट. भिंतीत हातभर उंचीवर लोखंडी कड्या होत्या, घोडी बांधायच्या. मी मोजल्या, सात निघाल्या. सहा कड्यांना गंज होता. सातवी मात्र गुळगुळीत, चकचकीत होती. मी वहीत तसं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं.

परत टेबलाशी आलो तेव्हा गुळाचे व्यापारी रडत होते. मी घाबरलो. वकील म्हणाले, ‘‘काळजी करू नका. तिसऱ्या ग्लासाला ते रडतातच.’’

‘‘पण दूध आहे ना ते?’’

‘‘ग्लास तिसराच आहे की.’’

थोड्या वेळानं स्वतः वकीलसाहेब इंग्रजीत बोलायला लागले. त्यांचा चौथा झाला होता. पलीकडच्या टेबलावरचा एकजण उठला, गाडीची किल्ली मालकाच्या गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाला, ‘‘चालत जातो. घेतलीया.’’ मालकानं मान डोलावून किल्ली खणात टाकली. कुणालाच यात काही विचित्र वाटत नव्हतं. मला वाटत होतं, पण मी नवीन होतो.

सहाच्या सुमारास कमानीतून म्हैस आत आली.

काळीभोर, भरल्या कासेची, मागून गवळी. कट्ट्यावर उभं राहून समोर काढलेलं धारोष्ण दूध प्यायची कोल्हापूरची रीतच आहे, ती मला ठाऊक होती. ती बारमध्येही चालते हे ठाऊक नव्हतं. गवळ्यानं म्हैस टेबलांमधून बरोबर वाट काढत आणली आणि भिंतीतल्या सातव्या कडीला बांधली. मी वही उघडून प्रश्नचिन्ह खोडलं. ‘पैकी एक वापरात,’ असं लिहिलं.

गवळी धार काढायला चरवी घेऊन बसला आणि म्हशीनं लाथ मारली. चरवी बेसिनजवळच्या गृहस्थांच्या पायापर्यंत घरंगळत गेली. गवळी पुन्हा बसला. म्हैस गर्रकन फिरली, दोरी ताणली, नाक फेंदारलं.

‘‘काय झालं रं हिला?’’ कंडक्टर उठून गेले. गवळ्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि दोन पावलं मागे सरले. ‘‘आयला! हा पिऊन आलाय!’’

सगळ्यांनी हातातले ग्लास खाली ठेवले. व्यापाऱ्यांचं रडणंसुद्धा थांबलं.

‘‘श्रावण तुमचा हाय. मी काय नवस बोललोय व्हय?’’ गवळी म्हणाला.

‘‘पिलास त्याचं काय न्हाय,’’ आतून मालक बाहेर येत म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. ‘‘पण इथं पिला न्हाईस. मग कुठं पिलास?’’

गवळ्यानं मान खाली घातली. राजारामपुरीत एका नव्या बारचं उद्‌घाटन होतं, तिथं एकानं आग्रह केला, असं तो पुटपुटला. त्यावर जो गलका झाला तो मी लिहू शकत नाही. प्यायल्याबद्दल त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्याच्या बारात प्यायल्याबद्दल सगळे बोलले. वकील इंग्रजीत बोलले.

इकडे म्हैस अस्वस्थ झाली होती. कास तटतटलेली, पाय बदलत होती. वेळेला धार निघाली नाही की त्यांना किती त्रास होतो, हे मी लहानपणापासून बघितलंय. वेटरनं प्रयत्न केला, त्यालाही लाथ बसली. तो प्यायला नव्हता, पण तीस वर्षांचा वास अंगात मुरला असेल. मग एकेक जण उठून बघायला लागला. म्हैस प्रत्येकाला हुंगायची आणि लाथ उगारायची. एका इन्शुरन्सच्या साहेबांवर ती इतकी धावून गेली की सगळे त्यांच्याकडे वळून बघायला लागले. त्यांनी कबूल केलं की सोमवारी घरी थोडी घेतली होती.

मी का उठलो ते मला सांगता येत नाही. वर्गात माझा हात खाली येतो, पण तिथं मी कुणाला न विचारता उठलो. वही स्टुलावर ठेवली, बेसिनवर हात धुतले, बेसिनजवळच्या गृहस्थांची माफी मागितली. चरवी चेपली होती म्हणून वेटरकडून बर्फाची बादली घेतली. म्हशीपुढे थोडा वेळ नुसता उभा राहिलो. तिनं माझा शर्ट हुंगला, मग वही धरायचा हात हुंगला, आणि कान खाली सोडले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कासेला पाणी लावलं, आणि आई घरी बोलते तसं बोलायला लागलो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तिनं पान्हा सोडला. बर्फाच्या बादलीत पहिली धार वाजली तेव्हा अंगणात टाळ्या पडल्या.

‘‘पावणं, गाव कुठलं तुमचं?’’ कंडक्टरांनी वरून विचारलं.

धार काढताना माणूस बेसावध असतो. मी गावाचं नाव सांगितलं.

‘‘आरं देवा!’’ कंडक्टर ओरडले. ‘‘माझी थोरली तिथंच दिलीया की! कुणाचं तुम्ही?’’

मी वडिलांचंही नाव सांगितलं. मग पाच मिनिटांत, धार चालू असतानाच, मी त्यांच्या जावयाच्या चुलत मेहुण्याचा भाचा निघालो. त्यांनी मोबाईल काढला. मी ‘‘नको, नको’’ म्हणालो, पण तो पहिल्या तीनांतला होता. फोटो निघाला. मी उकिडवा, मांडीत बर्फाची बादली, बाजूला म्हैस, आणि आमच्या डोक्यावर भिंतीवरचा आतला बोर्ड, हिरव्या अक्षरांत: ‘परमिट रूम’. कंडक्टरांनी तो लगेच मुलीला पाठवला. तिनं गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आपल्या गावचं पोरगं बारमध्ये.’ तिचा हेतू चांगला होता. माझी बादली भरायच्या आत फोटोला तीन अंगठे आले होते.

त्या दिवशी मला चार मापं दूध पाजलं. मला काहीच चढलं नाही, कारण मला आधीची सवय नव्हती. मी खोलीवर आलो आणि कपड्यांची बॅग बघून ठेवली. भरली नाही, फक्त बघितली. तिची चेन नीट आहे का तेवढं पाहिलं.

वडिलांचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मी आईला केला.

‘‘आण्णा काय म्हणाले?’’

‘‘काय न्हाय.’’

‘‘रागावलेत?’’

‘‘काय कळत न्हाय बाबा. फोटो बघत्यात.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘काल दिवेलागणीपास्नं. शेजारच्यांचा मोबाईल आणून ठेवलाय. त्यो माणूस दोनदा मागाय आला, तर त्याला चहा देऊन बसवलाय.’’

आठवडा असा गेला. मी रोज कॉलेजला गेलो आणि प्रत्येक तास शेवटचा समजून नीट ऐकला. त्यामुळे त्या आठवड्यातलं मला सगळं पाठ आहे. प्रकल्प लिहून दिला. सरांनी ‘पैकी एक वापरात’ या वाक्याखाली रेघ मारून समासात लिहिलं, ‘स्पष्ट करा.’ मी खाली लिहिलं, ‘म्हैस.’

नवव्या दिवशी कॉलेजच्या फाटकाबाहेर तो वेटर उभा होता. त्याला दिवसाच्या उजेडात आणि हातात ट्रे नसताना मी पटकन ओळखलं नाही.

‘‘चला,’’ तो म्हणाला. ‘‘गावाकडनं निरोप आलाय तुम्हाला. कंडक्टर थांबल्यात.’’

चालत तिथपर्यंत दहा मिनिटं लागतात, आम्हाला पंचवीस लागली. वेटर वाटेत एवढंच म्हणाला की गवळ्याला माफ केलंय, पण तो आता कमानीत आधी मालकाला तोंडाचा वास देतो आणि मगच आत येतो. मी हं हं म्हणत होतो. मनात मी गावी पोचून वैरण तोडायला लागलो होतो.

अंगणात सगळे आपापल्या खुर्च्यांवर होते. सगळ्यांना कळलेलं दिसत होतं की निरोप आलाय. माझ्यासाठी स्टूल नव्हतं, खुर्ची ठेवली होती. कंडक्टरांनी मोबाईल टेबलावर उभा केला. ‘‘थोरलीनं बोलून पाठवलंय. आम्ही कुणी ऐकलं न्हाय. तुमचं हाय, तुम्ही आल्याव लावायचं म्हणून ठेवलंय,’’ असं म्हणाले आणि आवाज पूर्ण वाढवला. म्हैस कडीला होती, तिनंही मान वळवली.

त्यांच्या मुलीचा आवाज आला. मागं डेअरीतल्या कॅनचे आवाज होते.

‘‘आप्पा, त्या कॉलेजच्या पोराला सांगा. आज सकाळी डेअरीच्या रांगेत सगळ्यांनी त्याच्या वडलांना धरलं. म्हनले, स्टँडवर सगळ्यांसमोर बोललासा, आता पोराला आणा माघारी. तर ते म्हनले, फोटो मोठा करा. केला. म्हनले, मागचे पाय बघा, बांधल्यात? न्हाईत. कान बघा, ढिलं हाईत. तोंड बघा, रवंथ करतीया. पिऊन आलेल्या माणसाला म्हैस अशी उभी राहत न्हाय. परक्या माणसाला तर न्हाईच न्हाय. तेवढ्यात कोणतरी म्हनलं, अवो पण वर बोर्ड बघा की, परमिट रूम लिवलंय. तर ते म्हनले, बोर्ड माणसानं लावलाय. आता म्हशीचं खरं धरायचं का माणसाचं, ते तुम्ही ठरवा. आन् जिथं म्हैस कडीला बांधल्याली हाय आन् धार चाललीया, त्याला माझ्या घरात गोठा म्हणत्यात. गोठ्यात जाऊ नको असं मी पोराला कधी म्हनलो न्हाय. मग रांग पुढं सरकली, आप्पा. कॉलेज चालू राहू दे म्हनल्यात. पण त्याला एवढा निरोप दे म्हनल्यात, अंगठा आत दुमडून पिळतोयस, त्यानं सड दुखतात. आठ दिवस मी तेवढंच बघतोय. मुठीनं पिळ. शहरात राहून हात बिघडलाय तुझा.’’